ॲग्नाथा म्हणजे अनाथ नव्हे

लँप्री हा मासा भारतात सापडत नाही. आमच्या घरात मात्र तो कायम असायचा.

बाबा नोएडाच्या एका कोचिंग क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवायचे. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणारी मुलं एका लांबलचक हॉलमध्ये कोंबलेली, डोक्यावर खडखडणारे पंखे, समोर माइक. जबडा नसलेल्या माशांना पुस्तकात जेमतेम पान-दीड पान. बाकीचे सर "घर से पढ़ लेना" म्हणून पुढे जायचे. बाबा त्यावर अख्खा तास घ्यायचे. फळ्यावर एका फटक्यात गोल, त्यात दुसरा गोल, त्यात तिसरा, आणि मग खडूच्या टोकाने टकटक टकटक दात. मधोमध जीभ, तिच्यावरही दात. मग वळून माइकमध्ये सांगायचे, "ये है लँप्री का मुँह. इसके पास जबड़ा नहीं है. लेकिन एक बार चिपक गया, तो छोड़ता नहीं."

"सर, मेरी मकान-मालकिन!" मागून कुणीतरी ओरडायचं. हॉल हसायचा. बाबा हसू पूर्ण संपू द्यायचे आणि मग या माशांच्या गटाचं नाव फळ्यावर लिहायचे. ॲग्नाथा. म्हणजे जबडा नसलेले. "विश्वनाथ, केदारनाथ, ॲग्नाथ," ते म्हणायचे, "याद रखो, अपने ही मोहल्ले का लगता है."

बारावीच्या वर्षी मीही त्याच हॉलमध्ये बसले होते. डॉक्टर झाले नाही, पण तो तास अजून पाठ आहे. जबडा ही नंतर आलेली वस्तू आहे, बाबा सांगायचे. आधीच्या माशांना तो नव्हताच. कल्ल्यांना आधार देणारी एक कमान पुढे सरकली, वाकली, आणि तिचा जबडा झाला. चावणं हे सगळं त्यानंतरचं. आणि लँप्री नदीत अंडी घालायला निघाला की खाणं बंद करतो, त्याचं आतडंच सुकून जातं. अंडी घालतो आणि मरतो. हे शेवटचं वाक्य ते माइक बाजूला करून म्हणायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

आम्ही राहायचो लक्ष्मीबाई नगरात, आईच्या सरकारी क्वार्टरमध्ये. आई केंद्र सरकारच्या कचेरीत, तिची बदली नागपूरहून दिल्लीला झाली. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. तिच्यामागे ते कॉलेजातली पक्की नोकरी सोडून आले. शेजारच्या साहेबांना याची फार गंमत वाटायची. "भाईसाहब, मैडम के क्वार्टर में कैसा लग रहा है?" बाबा म्हणायचे, "बिल्कुल अच्छा. गीज़र भी मैडम का है." ती वर्षं अशी होती की यमुनेपलीकडे रोज नवा सेक्टर उगवत होता, आणि प्रत्येक सेक्टरात एक बँक, एक टायरचं दुकान आणि एक कोचिंग क्लास. बाबांना तिथे लगेच काम मिळालं.

रविवारी बाबा आयएनए बाजारातून वाम आणायचे. वाम म्हणजे सापासारखा लांब, अंगावर नक्षी असलेला नदीतला मासा. कोळी त्याला बाम म्हणायचा. आईचं डोकं दुखायला लागलं की तीही "बाम आण गं" म्हणायची, आणि बाबा न चुकता विचारायचे, "कुठला? चोळायचा की तळायचा?" मोरीपाशी वाम धुताना ते तिचं तोंड बोटाने उघडून मला दाखवायचे. "बघ, हिला जबडा आहे. लांबून लँप्रीसारखी दिसते, म्हणून काय झालं? ही आपली, तो परका."

कॉलेजात मी एका डाव्या गटात गेले, पत्रकं लिहायला शिकले, कुर्त्यावर बिल्ला लावला. दिल्लीत डाव्यांना वाम म्हणतात. घरी सांगितलं तेव्हा आई घाबरली. बाबा म्हणाले, "काऊन घाबरतेस? वाम झाली ना पोरगी? मग काळजी नाही. पोलिसांच्या हातात यायची नाही, सुळकन सुटेल."

आता बाबांच्या पुडीबद्दल. मी सरळच लिहिते.

विदर्भात पाहुणा आला की चहाबरोबर खर्रा पुढे करतात. सुपारी, तंबाखू, चुना एका पॉलिथिनवर घासून घासून एकजीव केलेला. नागपूरहून दिल्लीला येणारा प्रत्येक नातेवाईक रबर लावलेल्या खर्ऱ्याच्या पुड्या आणायचा, त्याही कौतुकाने, जणू आईने पाठवलेले लाडू. त्या संपल्या की बाबांना इथली गुटख्याची तयार पुडी लागायची. आणि ती कुठे नव्हती? देश खुला झाला, देश खुला झाला, म्हणून ज्यांनी ढोल वाजवले त्यांना मी विचारते, आमच्या भागात सगळ्यांत आधी काय आलं? पाणी आलं नाही, बस आली नाही. क्लासच्या दारासमोरच्या टपरीवर पुड्यांच्या चकचकीत माळा आल्या. लग्नाच्या मांडवासारख्या लोंबणाऱ्या. सोळा-सतरा वर्षांची मुलं डॉक्टर व्हायला आत जात होती, माळेतली एक पुडी तोडून. त्यांचे सरही. दोन बॅचच्या मध्ये बाबा एक पुडी गालात धरायचे. म्हणायचे, त्याने आवाज चालतो.

त्याच सुमाराला क्लासच्या मालकाने मोठ्या चौकात पत्र्याचा बोर्ड उभारला. तेव्हा असे बोर्ड रंगारी हाताने रंगवायचे. त्यावर बाबा, हातात खडू, तोंड उघडं, शिकवता शिकवता. रंगाऱ्याने डोळे, चष्मा, भांग सगळं हुबेहूब उतरवलं. फक्त जबडा पैलवानाचा दिला. रुंद, चौकोनी, मधे खळी. आम्ही तिघं बसमधून बघायला गेलो. आई खिडकीतून बघतच राहिली. म्हणाली, "अहो, ही हनुवटी कुणाची?"

"नवीन बसवली," बाबा म्हणाले. "मैडमला आवडली का?"

हनुवटी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दिल्लीत वाढल्यामुळे माझ्याकडे त्यासाठी ठोडी होती.

एका संध्याकाळी आम्ही गोलगप्पे खायला गेलो. गाडीवाल्याने बाबांच्या हातातल्या द्रोणात एक ठेवला. बाबांनी तो तोंडाशी नेला, परत खाली आणला, पुन्हा नेला. जाईना. आई हसली. "अहो, आ करा ना नीट! लाजता काय?" ते म्हणाले, "केलाय." त्यांनी आ केलाच होता. तेवढाच होत होता. मग त्यांनी तो गोलगप्पा द्रोणात चुरला आणि चमच्याने खाल्ला. गाडीवाला म्हणाला, "बाबूजी, ये तो पाप है!" आम्ही सगळे हसलो. आईचं हसू मधेच थांबलं.

पुढचं रुग्णालयातलं मी लांबवत नाही. गालाच्या आत गाठ होती, ती हाडात उतरली होती. डॉक्टरांनी खालचा जबडा एका बाजूने पार काढला आणि मांडीची कातडी घेऊन ती जागा बुजवली. बाबांचा चेहरा नाकापर्यंत बाबांचा होता. त्याखाली तो एका बाजूला आत ओढल्यासारखा झाला.

बोलणं जवळजवळ गेलं. आईने शाळकरी पाटी आणली. शुद्धीवर येऊन बसते झाल्यावर बाबांनी तिच्यावर पहिला शब्द लिहिला आणि पाटी आमच्याकडे वळवली. अक्षर वाकडं होतं. ॲग्नाथा. मला कळलं आणि मला हसूही आलं. पण पाटी आईच्या हातात होती, आणि आईने कधी तो तास ऐकला नव्हता. तिने वाचलं, अनाथा. ती एकदम रडायलाच लागली. "अनाथ काय लिहिता? मी मेलेय का? मी आहे ना इथे!" बाबा हातवारे करून नाही नाही म्हणत होते, हसत होते, आणि टाके ओढले जाऊन दुखत होतं म्हणून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आईला समजावलं की तो माशांचा गट आहे. आई म्हणाली, "असेल. पण असं पुन्हा लिहायचं नाही." त्यांनी पाटी पुसली.

घरी आल्यावर बाबांनी चेहरा झाकला. बाहेर तर झाकलाच, घरातही. हिवाळ्यात मफलर, नंतर गमछा. जेवण म्हणजे मिक्सरमधून काढलेली पेज. ते वाटी घेऊन स्वयंपाकघरात जायचे आणि दार ओढून घ्यायचे. ते ओघळायचं, त्यांना पुसावं लागायचं, आणि ते आम्ही पाहू नये असं त्यांचं होतं. आई दाराबाहेर स्टुलावर बसून राहायची. "झालं का हो?" आतून भांड्याचा एक टक आवाज, म्हणजे झालं. माझ्या आईवडिलांनी आयुष्यभर एका ताटाजवळ बसून भांडत भांडत जेवण केलं होतं. आता मध्ये एक दार होतं. आईला दुसरं काही नको होतं. ते दार उघडं राहावं, एवढंच.

क्लासचा मालक एकदा फळं घेऊन आला. "सर, आप आराम कीजिए. क्लास आपका ही है." त्याच आठवड्यात बाबांच्या बॅचेस दुसऱ्याकडे गेल्या. चौकातला बोर्ड मात्र तसाच राहिला. पैलवानी जबड्याचे सर तोंड उघडून मुलांना बोलावतच होते. मी भडकले. म्हटलं, जाते आणि त्यावर डांबर फासते. बाबांनी पाटीवर लिहिलं, "राहू दे. तिथे तरी बोलतोय."

त्यानंतर दर रविवारी त्यांना बसने त्या चौकातून जायचं असे. खिडकीपाशी बसून, चेहरा गुंडाळून, वर बघत. मी सोबत. पुलावरून यमुना ओलांडायची, चौक ओलांडायचा, पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरायचं.

आमच्या गटाने शाळा-क्लासांबाहेरच्या टपऱ्यांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मला काय छापायचं ते पक्कं ठाऊक होतं. मी बाबांसमोर बसले.

"बाबा, तुमचा फोटो हवा. उघड्या चेहऱ्याचा."

त्यांनी मान हलवली. नाही.

"लपवून कुणाचं भलं होतंय? पुडीवाल्यांचं! तुमचा चेहरा बघितला तर माणूस पुडी फाडता फाडता थांबेल."

पाटीवर आलं, "थांबणार नाही."

"कशावरून?"

बाबांनी पाटी पुसली. मग लिहिलं की त्यांच्या तोंडात पहिला पांढरा डाग सापडला, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर शेजारी असाच एक माणूस होता. जबडा काढलेला. ते त्याच्याशी बोलले, त्याला पाणी दिलं, बाहेर आले आणि गेटपाशी पुडी फाडली. खाली एक ओळ: "मी थांबलो नव्हतो."

"तुम्ही थांबला नाहीत म्हणून कुणीच थांबणार नाही का?" मी ओरडले. आई आतून आली. "हळू बोल. ते तुझं पत्रक नाहीत, तुझे बाप आहेत."

बाबांनी माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला. गोल, त्यात गोल, त्यात गोल. टकटक टकटक दात. हात अजून पक्का होता. कागद माझ्यापुढे सरकवला आणि खुणेने सांगितलं, हे छाप.

मी छापलं. खाली लिहिलं, "जबड़ा नहीं है, फिर भी छोड़ता नहीं. गुटखा." आम्ही ते सेक्टरासेक्टरात वाटलं. एका दुकानदाराने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बेटी, ये नाली की जाली का ऐड है?" दुसऱ्याला तो दातांचा दवाखाना वाटला. शेंगदाणेवाल्याने मात्र गठ्ठाच ठेवून घेतला. घरी येऊन सांगितलं तर बाबांचे खांदे हलायला लागले. गमछ्याआड ते हसत होते.

उन्हाळा बाबांच्या बाजूने होता. दिल्लीच्या लूमध्ये, त्या भाजत्या वाऱ्यात, अर्धं शहर तोंड गुंडाळून फिरतं. स्कूटरवाले, कॉलेजच्या पोरी, रिक्षावाले, सगळ्यांचे फक्त डोळे दिसतात. त्या दिवसांत बाबा बसमध्ये बसले की कुणाचंच लक्ष जात नसे. ते जरा ताठ बसायचे. मग पाऊस येऊन गेला, हवा निवळली, लोकांनी रुमाल खिशात घातले. पुन्हा बसमध्ये गुंडाळलेले तेच एकटे उरले. तोवर मानेत नवी गाठ आली होती. डॉक्टर आता पुढच्या तारखा घाईने देत नव्हते.

अशाच एका रविवारी चौकात बोर्डाला बांबू लावलेले दिसले. वर एक रंगारी बसून पांढरा हात मारत होता. क्लासचं नाव गेलं होतं, खडू धरलेला हात गेला होता. कुण्या बिल्डरच्या फ्लॅटची जाहिरात व्हायची होती. बाबांनी माझा दंड घट्ट धरला आणि बस पुरती थांबायच्या आत उठले.

आम्ही बोर्डाखाली जाऊन उभे राहिलो. रंगाऱ्याने खाली पाहिलं. "क्या है?"

"ये बोर्ड इनका था," मी म्हटलं.

"मालिक का है, जी. उनसे बात करो."

तेव्हा बाबांनी गमछा सोडला. मी काही म्हटलं नव्हतं. चौकात, टपरीसमोर, भर उजेडात त्यांनी तो मानेवरून काढून हातात घेतला आणि वर बघत उभे राहिले. रंगारी वाकला. त्याने बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग वळून बोर्डावरच्या चष्म्याकडे, मग पुन्हा खाली. ब्रश डब्यात ठेवून तो बांबूंवरून उतरला.

"मास्टरजी?" तो म्हणाला. "ये मैंने ही बनाया था. फोटो में ठोडी साफ नहीं आई थी, अपने मन से लगा दी."

बाबा सावकाश, एकेक अक्षर ढकलत बोलले. लाळ गळत होती. "बहुत... अच्छी... बनाई."

रंगाऱ्याला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्याने विचारलं, "आज रहने दूँ? कल कर लूँगा." बाबांनी हाताने वर दाखवलं. कर. तो परत चढला. आम्ही टपरीच्या बाकावर बसलो आणि तो जबडा पांढरा होईपर्यंत पाहिलं. मग तोंड. मग चष्मा.

आमच्या डोक्यावर पुड्यांच्या माळा होत्या. एक माणूस मोटरसायकल लावून आला. टाय, बॅग, पॉलिश केलेले बूट. त्याने माळ ओढून पुडी तोडली, आणि त्याची नजर बाबांवर पडली. बाबांनी चेहरा फिरवला नाही. त्याच्याकडे सरळ बघत राहिले. खरं सांगते, मोहिमेत कित्येक टपऱ्या फिरले, पण कुणा एका माणसाने थांबावं असं इतकं कधी वाटलं नव्हतं. त्या माणसाने नीट पाहिलं. त्याला सगळं कळलं, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याने नजर खाली घातली, दातांनी पुडीचा कोपरा फाडला, मान वर केली आणि पुडी तोंडात रिकामी केली. मोटरसायकल सुरू करून गेला.

बाबा माझ्याकडे वळले. शब्द नीट निघेनात, पण मला त्यांची गरज नव्हती. तो तास मला पाठ होता. छोड़ता नहीं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी गमछा बांधला नाही. एक बाई उठून पलीकडे गेली. एका म्हाताऱ्या सरदारजींनी सरकून खिडकी दिली. बाबा खिडकीपाशी बसले. ज्यांना बघायचं त्यांनी बघितलं.

दार आईने उघडलं. त्यांच्या उघड्या चेहऱ्याकडे आणि हातातल्या गमछ्याकडे तिने पाहिलं. म्हणाली, "हातपाय धुवा. वाम आणलीय. काटे काढून मिक्सरमधून काढते."

वाटी तयार झाल्यावर बाबांनी ती उचलली. आई सवयीने स्टूल घ्यायला वळली. पण ते स्वयंपाकघरात गेले नाहीत, बाहेर आमच्या चटईवर येऊन बसले. चमच्यातलं निम्मं आत गेलं, निम्मं ओघळलं. आईने पदराने त्यांची हनुवटी पुसली. हनुवटी नव्हती, जिथे असायची ती जागा पुसली.

"मीठ बरोबर आहे का?" तिने विचारलं.

त्यांनी हात हलवला. थोडं कमी.

"तुम्हाला कधी पुरलंय?" आई म्हणाली आणि उठून मीठ आणायला गेली.

थंडी संपता संपता बाबा गेले. तोवर ते रोज तिथेच, चटईवर बसून जेवले. शेवटच्या दिवसांत पेजही उतरेनाशी झाली. तेव्हाही ते जेवायच्या वेळी येऊन बसायचे, आणि आई त्यांच्यापुढे रिकामी वाटी ठेवायची.